रानात जा, घरात बसा

घरात उंदीर पडायला लागले की बिऱ्हाड उचलायचं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी नागपुरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आधी माळ्यावर एखादा मेलेला दिसायचा, मग ओसरीत, मग चुलीमागे. तोवर निघालं नाही तर माणसांच्या काखेत, जांघेत गाठ यायची. लोक पेट्या, भांडीकुंडी, गुरं घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या रानात तट्ट्यांच्या झोपड्या टाकून राहायचे. आजा-आजी, बाळंतीण, तान्हं लेकरू, झाडून सगळे. कुणाला न्यायचं आणि कुणाला मागे ठेवायचं हा प्रश्न नव्हता, कारण धोका घराच्या भिंतीत होता. उंदरावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते, हे पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत दाखवलं आणि सरकारी शास्त्रज्ञांना ते पटायला आणखी काही वर्षं गेली. लोकांनी मात्र उंदीर मोजून आधीच गाठोडी बांधली होती.

मी इतवारीकडच्या एका मराठी शाळेत निवृत्त होईपर्यंत इतिहास-भूगोल शिकवला. शाळेत प्लेग शिकवतात तो पुण्याचा. प्लेग अधिकारी रँड, त्याचा खून करणारे चाफेकर बंधू, 22 जून 1897, गणेशखिंडीचा रस्ता. मुलं तारीख पाठ करतात आणि दोन गुण घेतात. आपल्या गावातही प्लेग होता हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून मी त्यांना महालातलं एक घर सांगायची, जे नागपूरच्या प्रत्येक पोराला माहीत असतं: पुढे संघ स्थापणारे केशव बळीराम हेडगेवार जेमतेम तेरा वर्षांचे असताना त्यांचे आई-वडील दोघंही प्लेगात एकाच दिवशी गेले. मग वर्गात जरा शांतता व्हायची. तेरा म्हणजे आठवीतला पोरगा.

पुढे फळ्यावर तीन आकडे लिहायची. 1901 च्या जनगणनेत नागपूरची वस्ती 1,27,734. 1911 मध्ये 1,01,415. 1921 मध्ये 1,45,193. रेल्वे, एम्प्रेस मिल, कापसाचा बाजार, सगळं असलेलं शहर दहा वर्षांत सव्वीस हजारांनी घटतं आणि पुढच्या दहा वर्षांत चव्वेचाळीस हजारांनी वाढतं. मधल्या आकड्यात मेलेले आहेत तसे प्लेगाला भिऊन गाव सोडून गेलेलेही आहेत.

ज्या कायद्याच्या जोरावर हे सगळं हाताळलं गेलं तो 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा. चार कलमांचा. सरकारला वाटतील ते नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही. पोर, म्हातारं, गरोदर बाई, असा कसलाही भेद त्यात नव्हता, आणि प्लेगापुरतं ते एका अर्थी बरोबरही होतं. चूक झाली ती नियम राबवण्यात. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर जाळलं गेलं, त्याची किंमत रँडनं मोजली. 1898 मध्ये मुंबईतही दंगल पेटली. त्यानंतर सरकारचा हात हळूहळू सैल पडत गेला. माणसं आपणहून रानात जात असतील तर जाऊ द्या, हाफकिनची लस टोचून घ्यायला तयार असतील तर टोचा, इथवर गोष्ट आली. मला यातलं विशेष वाटतं ते हे की घर सोडून जाणं लोकांना कधीच नको नव्हतं. शिपायानं दंडाला धरून नेणं नको होतं.

मग मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. 1918.

माझ्या सासूबाईंचे वडील काटोलकडच्या खेड्यातले. मानमोडीच्या साली तेही तेरा-चौदा वर्षांचे होते. पंधरवड्याच्या आत त्यांची आई, दोन काका आणि एक काकू गेली. राहिली सत्तरीची आजी आणि पोरंसोरं. सासूबाई सांगतात, बाबा म्हणत, घरातली सगळी हाता-पायाची माणसं गेली आणि काठी टेकत चालणारी म्हातारी धडधाकट उरली. पाऊस दगा देऊन गेला होता. जी थोडीफार पऱ्हाटी फुटली ती वेचायला माणूस नव्हता. म्हातारी स्वतः ओटी बांधून शेतात जायची. तिच्या मागे हे पोर.

ही एका घराची गोष्ट असती तर मी ती इथे आणली नसती. पण मानमोडीनं देशभर असंच केलं. हिवताप, पटकी, गोवर या रोगांत मरतात ती बहुतेक पोरं आणि म्हातारी माणसं. मानमोडीनं वीस ते चाळीस या वयाची माणसं नेली. पुरुषांपेक्षा बायका जास्त. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी त्याच वेळी हे नोंदवलं होतं. घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार करायची आणि स्वतः पडलं तरी उठून दळण-पाणी करायचं, हे कोणाच्या वाट्याला होतं ते सांगायला नको. देशात किती मेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. जे प्रांत सगळ्यात जास्त पोळले त्यांत आपला मध्य प्रांत व वऱ्हाड होता. 1921 च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. असं त्यानंतर आजतागायत कधी झालेलं नाही.

म्हातारे का वाचले याचं एक उत्तर असं देतात की त्यांच्या तरुणपणी तशाच एखाद्या तापाची साथ येऊन गेली असावी आणि त्यांच्या रक्तात तिची ओळख उरली असावी. असेलही.

सावनेरला सहल नेली की कुणीतरी पोर हमखास विचारायचं, "मॅडम, गडकरीबी मानमोडीनंच गेले का?" नाटककार राम गणेश गडकरी सावनेरला गेले ते 23 जानेवारी 1919 ला, मानमोडीची लाट ओसरत असताना, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. पण ते क्षयानं. क्षयही ऐन उमेदीतली माणसं वर्षानुवर्षं नेत होता आणि त्याच्यासाठी कुणी काही बंद करत नव्हतं. संथ मरणाला आदेश निघत नाहीत.

मानमोडीतही आदेश निघाले नाहीत. रेल्वे चालू राहिली, आणि रोग तिच्याबरोबर स्टेशनागणिक उतरत गेला. महायुद्ध चालू होतं, दवाखान्यातले कर्मचारीच अंथरुणाला खिळले होते, रोगाचा वेगही असा की हुकूम छापून होईस्तोवर गाव आजारी. पण मला वाटतं पुण्याची आठवणही त्यात होती. एकदा दारं फोडून हात पोळलेल्या सरकारनं पुढच्या खेपेला दारापाशीसुद्धा जायचं टाळलं. जेवढं झालं ते खाजगी मंडळींनी केलं, औषधं वाटली, पेज पोचवली, तिरड्या उचलल्या.

आता समजा, वय पाहून निर्बंध लावायचे असा विचार 1918 मध्ये कुणी केला असता. कुणाला घरी बसवायचं? वीस ते चाळीसच्या माणसाला. म्हणजे नांगर, माग, गिरणी, एंजिन, टपाल, स्वयंपाकघर, सगळं थांबवायचं. दुष्काळाच्या वर्षात. ज्यांना जपायचं त्यांच्याच हातावर सगळ्यांचं पोट होतं. त्या साथीत वयाचा हिशेब मांडला असता तरी तो सुटला नसता. 2020 चं गणित त्या मानानं सोपं होतं, कारण या वेळी ज्यांना जपायचं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांना सकाळी कामावर जायचं नव्हतं. तरी ते आपण फार वाईट सोडवलं, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण आपण अंगात मागच्या साथीच्या मापाचा सदरा घातला होता.

नागपुरात पहिला करोनाबाधित सापडला 11 मार्च 2020 ला. दोन-तीन दिवसांत महाराष्ट्रानं साथरोग कायदा लागू केला. तोच, 1897 चा. 20 मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर बंद झाली, देश बंद व्हायच्या आधीच. दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता. तो पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि मुलांना सरासरीनं गुण दिले. वर्षभर नकाशे भरून घेतलेल्या बाईला काय वाटलं असेल ते असो. पोरं खूश होती.

एप्रिलच्या सुरुवातीला सतरंजीपुऱ्यातल्या एका वयस्कर गृहस्थांचा मृत्यू झाला. शहरातला तो पहिला करोनामृत्यू. महापालिका आयुक्त तेव्हा तुकाराम मुंढे. सतरंजीपुरा, मोमिनपुरा या वस्त्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, पोलीस बसले, आणि संपर्कातली शेकडो माणसं बसमध्ये बसवून आमदार निवास, व्हीएनआयटीकडे नेण्यात आली. आयुक्तांच्या बाजूचे म्हणत, म्हणूनच पहिले काही महिने शहर वाचलं. विरोधातले म्हणत, ही दडपशाही आहे. महापौर संदीप जोशी आणि मुंढे यांची जुंपलेली सगळ्या शहरानं पाहिली. मी त्या भांडणात कुणाच्या बाजूची नव्हते. मला प्रश्न पडायचा तो पत्र्यांचा.

प्लेग जागेला धरून असतो. उंदीर या गल्लीत आहेत, त्या गल्लीत नाहीत, म्हणून गल्ली सोडायची, गल्ली बंद करायची, याला अर्थ होता. करोना जागेला धरून नव्हता, तो श्वासातून जात होता, आणि मारताना वय बघत होता. त्याला गल्ली बंद करून आत अडकवलं ते कुणाबरोबर? सतरंजीपुऱ्यातली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं घर आठवतं. पुढची खोली दहा बाय दहाची, तिच्यात दादाजी दिवाणावर, खाली सतरंजीवर वडील आणि धाकटा काका. मागे स्वयंपाकघर, तिथेच आई, काकू, चार पोरं. संडास चार घरांत मिळून एक. प्लेगात सरकार आणि लोक दोघंही म्हणाले, घरातून बाहेर पडा. करोनात सगळ्यांनी सांगितलं, घरात बसा. कायदा तोच. त्या घरात दादाजींपासून सहा फूट अंतर मोजायला गेलं तर माणूस भिंतीबाहेर निघतो.

मे 2020 च्या केंद्राच्या आदेशात वय आलं: पासष्टच्या वरचे, दहाच्या आतले, गरोदर बाया आणि जुनी दुखणी असलेले, यांनी घरीच राहावं. कागदावर वयाप्रमाणे वेगळा विचार झाला. पण पासष्टच्या वरचा आणि दहाच्या आतला यांना एकाच ओळीत बसवणं हेच मुळात चुकीचं होतं. करोनाचा मृत्यूचा धोका वयाबरोबर किती वाढतो याचा एक मोठा अभ्यास 2020 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे लागण झालेल्या दहा वर्षांच्या पन्नास हजार मुलांमागे एखादं दगावतं. पंचविशीत दहा हजारांत एक. पंचावन्नला हजारात चार. पंचाहत्तरला शंभरात साडेचार-पाच आणि पंच्याऐंशीला शंभरात पंधरा. आकडे बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत. आपल्याकडे आंध्र आणि तमिळनाडूत पाहिलं तेव्हा मृत्यूंचा मोठा वाटा पन्नास ते चौसष्टच्या दरम्यान निघाला. म्हणजे आपला धोक्याचा माणूस नुसता पेन्शनर नव्हता, तो अजून दुकानाचं शटर उघडणारा, मधुमेह असलेला घरचा कर्ताही होता. तरी दहा वर्षांचं पोर आणि त्याचा आजा यांच्यातलं अंतर हजारपटींचंच राहतं.

सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. टेकडीच्या गणपतीला जाण्यात त्यांचा जन्म गेला. देवळं बंद. मी रोज सकाळी त्यांना खिडकीपाशी खुर्ची टाकून द्यायची. काही आठवडे गेले आणि त्या एक दिवस भडकल्या. "मला चौऱ्याऐंशी लागलं. मी काय कोंडून घ्यासाठी जगून राहिली का? मरायचं कसं ते तं मला ठरवू द्या." मी म्हटलं, आई, तुम्हाला झालं तर घरात सगळ्यांना होईल. त्या म्हणाल्या, "मंग तुम्ही कोंडून घ्या ना." याला उत्तर नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सिनेमा-मालिकांच्या सेटवर पासष्टच्या वरच्यांना बंदी घालणारी राज्य सरकारची अट रद्द केली, तेव्हा ती बातमी मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. सत्तरीतला, छोट्या भूमिका करून पोट भरणारा एक नट न्यायालयात गेला होता. त्याचं म्हणणं एवढंच की बाकीच्यांना मुभा असताना निव्वळ वयासाठी माझी रोजी काढता येणार नाही. न्यायालयाला ते पटलं. सासूबाईंना तर फारच पटलं.

म्हाताऱ्यांना जपा आणि बाकीच्यांना मोकळं सोडा, असं म्हणणारं एक पत्रक ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेत निघालं. काढणाऱ्या तिघांपैकी दोघं, सुनेत्रा गुप्ता आणि जय भट्टाचार्य, मूळचे कोलकात्याचे, याची गंमत वाटते, कारण हा विचार कोलकात्याच्या किंवा नागपूरच्या घरात सगळ्यात आधी अडतो. जपायचं म्हणजे कुठे ठेवून? तिकडे म्हातारा वेगळ्या घरात असतो. इथे दादाजी दिवाणावर असतात आणि नात त्यांच्या पायाशी बसून अभ्यास करते. हजारो शास्त्रज्ञांनी त्या पत्रकाला विरोध केला, तो मलाही पटतो.

पण त्याचा अर्थ असाही नाही की मग सगळ्यांवर सारखंच झाकण ठेवायचं. मधला रस्ता आपल्याच जुन्या चालीत होता. ज्याला लागण झाली त्याला, किंवा ज्याला सगळ्यात जास्त धोका आहे त्याला, घराबाहेर बरी जागा द्यायची, आपणहून येईल अशी, घरच्या माणसाला भेटता येईल अशी. शाळा रिकाम्या होत्या. मंगल कार्यालयं रिकामी होती. पण आमदार निवास म्हटलं की पोलिसांची गाडी आठवावी, असं आपण पहिल्याच महिन्यात करून ठेवलं. मग लोक ताप लपवायला लागले. प्लेगात पुण्यात हेच झालं होतं.

शाळा ऑनलाइन गेली. माझ्या वर्गातला एक मुलगा रात्री साडेनऊला गृहपाठाचा फोटो पाठवायचा. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मोबाइल तं बाबाजवळ राह्यते. बाबा ऑटो लावून रात्री येते, मंग मी पाठवतो." त्या ऑगस्टात मारबतही निघाली नाही. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. तान्ह्या पोळ्याला सगळी इतवारी रस्त्यावर येऊन तिला रोगराई, खोकला, ईडापीडा घेऊन जायला ओरडून सांगते. रोगराईच्याच वर्षी ती बंद. लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा मागत फिरणारी पोरंही घरात. गर्दी बंद केली ते योग्यच होतं. बैलाला दोरी बांधून गल्लीत एकट्यानं फिरणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला मात्र अडवायचं कारण नव्हतं.

नागपूर शहरात नववी ते बारावीचे वर्ग जानेवारी 2021 मध्ये कसेबसे सुरू झाले. फेब्रुवारीत पुन्हा आकडे चढले, पालकमंत्री नितीन राऊत यांनी 15 ते 21 मार्च कडक टाळेबंदी लावली, आणि एप्रिल आला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. दिवसाला हजारोंनी बाधित, मेडिकल आणि मेयो रुग्णालयांच्या दारात रुग्णवाहिकांची रांग, घाटांवर वाट पाहणारी प्रेतं, ऑक्सिजनची पहिली रेल्वे विशाखापट्टणमहून 23 एप्रिलला आली तेव्हा स्टेशनावर जमलेली माणसं. तेव्हा शाळा उघडा असं कुणी म्हटलं असतं तर मीच दार लावून घेतलं असतं. त्याच दिवसांत पंच्याऐंशीच्या एका आजोबांनी तरुण रुग्णासाठी आपला बेड सोडला, ही गोष्ट नागपूरहून देशभर गेली. ती घडली तशीच घडली का यावर वाद झाला, अजून आहे. पण ती इतक्या वेगानं पसरली, कारण म्हाताऱ्याच्या आणि तरुणाच्या जिवाचं वजन करायची पाळी प्रत्येक घरावर आली होती, आणि ते वजन म्हाताऱ्यानंच स्वतः करून टाकलं तर बाकीचे सुटत होते. मला ती गोष्ट म्हणून आवडत नाही.

वयाचा हिशेब नीट केला तो एकाच ठिकाणी, लशीत. 1 मार्च 2021 पासून साठीच्या वरचे, 1 एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरचे, 1 मेपासून अठराच्या वरचे. डोस कमी पडले तेव्हा मेमध्ये राज्यानं अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण थांबवून त्या कुप्या पंचेचाळीसच्या वरच्यांच्या दुसऱ्या डोससाठी वळवल्या. तरुण चिडले, निर्णय बरोबर होता. जूनमध्ये मुलांवरच्या कोव्हॅक्सिनच्या चाचण्या नागपुरात, मेडिट्रिना रुग्णालयात झाल्या, आणि आपल्या पोरांची नावं त्यासाठी देणारे आई-बाप या शहरात निघाले.

पण त्याच उन्हाळ्यात एक भीती सुटली: तिसरी लाट मुलांवर येणार. आधार कशाचा? मोठ्यांना लस मिळाली, आता उरली मुलं, एवढ्या तर्काचा. राज्यात बालरोगतज्ज्ञांचं कृती दल नेमलं, मुलांसाठी खाटा मांडल्या. खाटा मांडल्या ते चांगलंच केलं. मात्र जुलैत आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले, त्यात सहा ते नऊ वर्षांच्या 57 टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या जवळपास 62 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शाळा बंद असताना घरी बसून मुलांना लागण होऊन गेली होती, आणि ती ठणठणीत होती. यानंतर तरी मत बदलायला हवं होतं. शिक्षण विभागानं 17 ऑगस्टपासून शाळा उघडायचा आदेश काढलाही. दोन दिवसांत तो थांबवला गेला. 15 ऑगस्टपासून उपाहारगृहं आणि मॉल रात्री दहापर्यंत खुले झाले. शहरातली आठवी ते बारावी 4 ऑक्टोबरला सुरू झाली. नागपूरच्या पहिलीतल्या मुलाला वर्गात बसायला डिसेंबर उजाडला, आणि जानेवारीत पुन्हा कुलूप.

मॉलच्या मालकांना मंत्रालयात कुणाला भेटायचं ते माहीत असतं. सात वर्षांच्या पोराला नसतं. एप्रिलमधल्या बंदीला मी एका शब्दानं नावं ठेवणार नाही, पण ऑगस्टमध्ये घरातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना लस मिळालेली असताना ज्यांना धोका सगळ्यात कमी त्यांनाच सगळ्यात शेवटी सोडलं, हा अन्याय होता.

त्याचं मोजमाप थोडं झालं आहे. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रात तिसरीतल्या शंभरांपैकी 42 मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती, हे 2018 मध्ये. 2022 मध्ये 26 ते 27. ही खेड्यांची पाहणी, शहरं तीत नसतात. शहरातलं मी डोळ्यांनी पाहिलं: आठवीत आलेली मुलं नकाशावर बोट ठेवून 'चंद्रपूर' अक्षर-अक्षर लावत होती. दुसरीकडे दहावीचा 2021 चा निकाल 99.95 टक्के लागला, परीक्षेवाचून.

विधी आयोगानं फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या 286 व्या अहवालात सांगितलं की 1897 चा कायदा आजच्या साथींना अपुरा आहे, तो सुधारावा किंवा नवा करावा, आणि साथीची योजना आधीच आखून ठेवावी. मसुदा करणाऱ्यांना माझी एक मागणी आहे. प्रत्येक निर्बंधाच्या आदेशात लिहा की हा कोणत्या वयाच्या माणसाला वाचवतो, कोणत्या वयाचा माणूस त्याची किंमत भरतो, आणि कोणत्या तारखेला तो पुन्हा तपासला जाईल. पुढची साथ मानमोडीसारखी तरुणांवर आली तर उत्तरं उलटी येतील, शाळा आणि गिरण्या आधी बंद कराव्या लागतील. येऊ देत. पण विचारून येऊ देत.

करोनात नागपूर जिल्ह्यात सरकारी नोंदीप्रमाणे दहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांची वयं नोंदलेली आहेत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. त्या दोन वर्षांत आम्ही त्यात लिहिलं 'स्थलांतर', लिहिलं 'सतत गैरहजर', कारण तिसरा शब्द लिहायची सोय नव्हती. रात्री साडेनऊला गृहपाठ पाठवणारा तो मुलगा दुसऱ्या प्रकारात आहे. तो आता इतवारीत ई-रिक्षा चालवतो आणि माझ्याकडून भाडं घेत नाही, त्यावरून आमची दर वेळी हुज्जत होते.